सागरेश्वरच्या चढावर तुटलेली सँडल

गेल्या रविवारी आम्ही सागरेश्वरच्या अभयारण्यात गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, माझी चार वर्षांची ओवी, सासूबाई आणि तासगावहून आलेली माझी आई...

कडेगावहून अभयारण्य तसं जवळच, पण लग्नानंतर कधी जाणं झालं नव्हतं. ओवीला हरणं बघायची होती आणि मला या दोघींना एका गाडीत बसवायचं होतं.

कारण ओवीच्या जन्मापासून दोघी एकमेकींशी सरळ बोलत नव्हत्या. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून आईने सगळी तयारी करून ठेवली होती आणि सासूबाईंनी ऐन वेळी मला पाठवलंच नाही. भांडण नाही, आवाज नाही... पण तेव्हापासून सगळे निरोप माझ्यामार्फत.

गाडीतही तेच. "तुझ्या सासूबाईंना विचार, काच खाली केली तर चालेल का?" सासूबाई आईच्या शेजारीच बसल्या होत्या! "चालंल म्हनावं," त्यांनी मला सांगितलं.

गेटवर तिकिटं काढून आम्ही टेकडीवरच्या पॉइंटकडे चालायला लागलो. कोवळं ऊन, दोन्ही बाजूंनी झाडी... एका वळणावर ओवीला चितळांचा कळप दिसला आणि ती सुसाट पळाली. मी तिच्या मागे.

हरणं केव्हाच पसार झाली होती. ओवीला धरून मागे वळून बघते तर दोघींचा पत्ता नाही. तिला कडेवर घेतलं. घाईघाईने खाली आले तर आई एका दगडावर बसलेली आणि सासूबाई तिच्या पायाशी!

आईच्या नव्या सँडलचा पट्टा तुटला होता. भाकरी बांधलेल्या फडक्याची पट्टी फाडून सासूबाई ती सँडल तिच्या पायाला बांधत होत्या. आई पाय मागे ओढत होती. "अहो विहीणबाई, पायाला हात नका लावू. बरं दिसत नाही."

"आवं, हितं कोन बघतंय? हरनं?"

आई खुदकन हसली. मी ओवीला गप्प करून झाडाआडच थांबले...

गाठ मारता मारता सासूबाईच बोलल्या. "तवा पोरीला धाडली न्हाई, त्येचा राग हाय तुमाला. पर ह्यास्नी जाऊन वरीस बी झालं नव्हतं. ल्योक बॉर्डरवर. ही बी गेली असती, तर त्या घरात मी एकटीनं काय केलं असतं, सांगा."

हे त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं.

आईने पाय सैल सोडला. मग म्हणाली, "एवढं एकदा बोलला असता, तर मीच आले असते की तुमच्याकडे. मला वाटलं, आमच्याकडे तिचं नीट होणार नाही असं तुम्हाला वाटतंय."

"न्हाई वो... बोलाय जीभच रेटली न्हाई."

आईने त्यांच्या दंडाला धरलं आणि उठली. दोघी तशाच धरून धरून वर आल्या. पॉइंटवरून खाली लांबवर हिरवागार ऊस दिसत होता. तिथेच बसून भाकरी-ठेचा खाल्ला. हरणं काही पुन्हा दिसली नाहीत. ओवी रुसली, पण भाकरी पोटात गेल्यावर विसरली.

संध्याकाळी आईला तासगावला सोडायचं ठरलं होतं. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "आज राहते. उद्या सकाळी जाईन."

"उद्या कशाला? चार दिस ऱ्हावा की," सासूबाई म्हणाल्या. आई नाही म्हणाली नाही.

आज सकाळी हे लिहितेय आणि दोघी दारात बसून चहा पितायत. गप्पांत इतक्या रंगल्यात की मला कुणी चहा विचारलेलासुद्धा नाही... आणि त्या बिनचहाच्या सकाळीही मला लय म्हणजे लयच बरं वाटतंय.