पाव्हण्यायची माय

आमच्या घरात डुक्कर हा शब्द कोणी काढायचा न्हाई. दारात पत्र्याचा गोठा भरून पांढरी विलायती डुकरं होती, तरी तो शब्द बंद. बायको त्यांना पाव्हणे म्हणायची. "पाव्हणे जेवले का?" "पाव्हण्यायला पाणी दाखवा, ऊन झालं." गाव तिला पाव्हण्यायची माय म्हणायला लागलं, आधी चिडवायला, नंतर सवयीनं. मी चौथी शिकलेला, लिहिणं माझं काम न्हाई. पण ती गेली, आणि ज्याच्यामुळं गेली तो माणूस अजून टेंभुर्णीच्या रस्त्यानं मोटरसायकलवर फिरतो. लोक त्याला पाणी देतात, बसायला खाट टाकतात. म्हणून लिहितो.

एकदा लेकीचे सासरे आले. मी त्यांना ओसरीवर बसवलं. ती गोठ्यात होती, तिला काही माहीत न्हाई. तिथूनच ओरडली, "अहो, पाव्हण्यायला आधी पायपानं धुवून काढा, लई वास मारू राह्यले. मंग टाका खायला." व्याह्यांनी उपरणं सावरलं आणि मला हळूच विचारलं, "इथं सगळ्यायलाच धुता, का फक्त मुलाकडच्यायला?" तिला कळलं तेव्हा ती दोन्ही हातांनी तोंड झाकून चुलीपुढं बसली. हसत होती का रडत होती, कळत नव्हतं.

भावकीला ही डुकरं पटली नव्हती. कोरडवाहू रान, बकऱ्या रोगानं गेल्या, मग हा धंदा तिनंच धरला. चुलतभाऊ म्हणाला, "वहिनी, तुमच्या घरचा चहा आता घशाखाली उतरत न्हाई." ती म्हणाली, "भावजी, दूध म्हशीचंच हाय. तुमाला काय वाटलं?" पुढं तो रोज चहाला यायचा.

मका भरडा, कोंडा, हॉटेलातलं उरलेलं, असं खायला टाकून झालं की ती झिजलेला खराटा घेऊन आत जायची आणि एकेकाच्या पोटावर फिरवायची. दोन हात फिरवले की जनावर डोळे मिटायचं, मागचे पाय ढिले सोडायचं आणि धप्पकन कुशीवर पडायचं. ती म्हणायची, "पाव्हणा आडवा झाला म्हंजी जेवण पोचलं." सगळे आडवे झाल्याशिवाय ती स्वतः ताटावर बसायची न्हाई. मी भुकेनं चिडायचो. "तुमीबी व्हा आडवे, तुमच्याबी पोटावर फिरवते," म्हणायची.

ही जनावरं कापायलाच जायची. ते तिलाही माहीत होतं, ती काही येडी नव्हती. पण टेम्पो आला की गड्यांना लांब उभं करायची. हातात गुळाचा खडा घेऊन आपण पुढं, जनावर मागं. "या बाप्पा, या." न मारता, न ओढता ते फळी चढून वर जायचं. वर गेल्यावर गूळ द्यायची. "जायचं तर हायेच. पण आपल्या घरचा पाव्हणा आपल्या पायानं जावा," एवढंच म्हणायची.

आता तो. त्याचं नाव मी लिहीत न्हाई. नाव आईबापानं ठेवलेलं असतं, ते बिचारे बरे असतील. आम्ही त्याला पावडरवाला म्हणायचो. खाद्य त्याचं, तयार माल बी तोच उचलणार. पहिल्याच दिवशी मामा-मामी म्हणायला लागला. "मामी, हॉटेलवाल्यायला चरबी नको, मांस पायजे. या खाद्यात ताकदीची पावडर हाय. जल्दी भरतील." तिनं त्याला खाट टाकली, चहा दिला, जाताना पोराबाळांसाठी भुईमुगाच्या शेंगा दिल्या.

भरली जनावरं. खोटं सांगत न्हाई. खांदे असे झाले की बघणारा थबकायचा. पण आठवडाभरातच ती मला म्हणाली, "पाव्हणे आडवे होईना." मी जाऊन पाहिलं. खराटा लावला की अंग चोरायची. उभ्या जागी थरथर कापायची, गोठ्याबाहेर बादली वाजली तरी एकमेकांवर चढायची. खुरं चिरली. एकमेकांच्या शेपट्या चावून रक्त काढलं. ती खोबरेल आणि हळद घेऊन दिवसभर त्यांच्या मागं. ज्यांना ती पोटच्या पोरासारखं उलथंपालथं करायची, ती आता तिच्याच हाताला भ्यायला लागली.

पावडरवाला आला तेव्हा तिनं त्याला गोठ्यात नेलं. तो हसला. "मामी, पडून राहायला ते काय पेन्शनीत निघाले? वजन बघा ना."

"वजन तुझं वाढू राह्यलं, भाऊ. जीव त्यायचा जाऊ राह्यला. मला बिनपावडरचं दे."

"बराबर हाय. उद्यापासून साधं आणतो. तुमच्या गळ्याची शपथ, मामी."

दुसऱ्या दिवशी साध्या बारदानात खाद्य आलं. तिनं त्याला पुन्हा चहा दिला. जनावरं तशीच थरथरत राहिली. "अंगातून निघायला वेळ लागंल," असं ती मलाच समजवायची. शपथ घेतलेल्या माणसावर तिचा भरवसा होता.

टेम्पो आला तो भर उन्हात. सगळ्यात पहिला निघाला पाटील. कळपातला सगळ्यात मोठा म्हणून ती त्याला पाटील म्हणायची. पूर्वी तो गुळासाठी तिच्या पदराला लागायचा. त्या दिवशी तोंड उघडं, अंगावर लाल चट्टे, फळीवर पाय ठेवायला तयार न्हाई. ती गड्याला अडवायला मागं आली, म्हणाली, "थांबा, त्याला दम घेऊ द्या." पावडरवाल्याच्या गड्यानं मागून काठी टोचली. पाटील गर्रकन फिरला. ती मागंच होती. एवढं धूड तिच्या अंगावरून गेलं, चार पावलं पुढं जाऊन खाली बसलं आणि परत उठलं न्हाई.

ती मातीत पडली होती, गूळ अजून मुठीत. मी तिला उचलायला वाकलो. तेवढ्यात तो आपल्या गड्यावर ओरडला, "तुला म्हन्लं होतं ना, गाडी भरायच्या आदल्या दिवशीच्या पोत्यात पावडर टाकत जाऊ नको म्हणून. मेला ना माल."

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी चालूच होती."

तो म्हणाला, "मामी, पोतं बदललं होतं ना. तुमच्या समाधानासाठी."

खुब्याचं हाड मोडलं होतं. जालन्याला नेलं, ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली न्हाई. पाठीला जखमा झाल्या, ताप धरला. दवाखान्यात मला विचारायची, "पाटील उठला का?" मी म्हणायचो, उठला, गेला चालत. "खोटं बोलू राह्यले," म्हणायची आणि भिंतीकडं तोंड करायची. शेवटी शेवटी एवढंच म्हणाली, "त्या पावडरवाल्याला पाव्हणा म्हणू नका." उभ्या आयुष्यात तिनं कोणाला शिवी दिली न्हाई. हीच एक दिली.

सगळ्यांना आपल्या पायानं धाडणारी ती, आमच्या दारातून चौघांच्या खांद्यावर गेली.

दहाव्यानंतर तो बसायला आला. डझनभर केळी घेऊन. ओसरी माणसांनी भरलेली. मी उठलो, गोठ्यातलं त्याचं शेवटचं पोतं सोडलं, मूठभर खाद्य तांब्यात कालवलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. म्हणालो, "पी."

"मामा, हे काय?"

"ताकदीचं हाय. जल्दी भरशील."

"माणसानं प्यायचं न्हाई हे."

"का बरं?"

तो तांब्याकडं बघत बसला. चुलतभावानं उठून केळी त्याच्या गाडीला नेऊन अडकवली. तो गेला.

लोक म्हणतात, आता सोडून द्या, आबा. मी सोडत न्हाई. ज्या गावात तो खाद्य टाकतो त्या गावात मी एसटीनं जातो. ज्याच्या गोठ्यात जनावर उभ्या जागी थरथरताना दिसतं, त्याच्या ओट्यावर बसून हीच गोष्ट सांगतो, जशी इथं लिहिली तशी. काही ऐकतात, काही हाकलतात. हाकललं तर दुसऱ्या दिवशी परत जातो. माझ्या घरी आता वाट बघणारं माणूस कोण हाय? उरलेल्या पाव्हण्यायला मी पुन्हा भरडा-कोंड्यावर आणलं, मी नसताना चुलतभाऊ खायला टाकतो. टेंभुर्णीच्या बाजूची बरीच दारं त्याला बंद झाली. उरलेली बी होतील. तोपर्यंत देवानं मला उचलू नये, एवढंच मागणं हाय.

परवा चहाच्या टपरीवर तो दिसला. वाळला होता. टपरीवाला बिचारा नवा, त्याला काय माहीत. बाकडं पुसत म्हणाला, "या पाव्हणे, बसा."

मी जाग्यावरूनच म्हणालो, "हा पाव्हणा न्हाई. पाव्हणे माझ्या घरी हायेत. सकाळीच जेवून आडवे झाले."

तो उभ्यानंच माघारी फिरला. त्याच्यासाठी भरलेला पेला तसाच राहिला. मी तो उचलला आणि मातीत ओतला. मग घरी आलो, कोपऱ्यातला खराटा घेतला आणि गोठ्यात गेलो.