येते हं

आमच्याकडे निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. चुकून म्हटलंच तर आईचा पाठीत धपाटा ठरलेला. त्यामुळे माझ्या तोंडून आजही ‘येते’च निघतं, आणि हिंदीतही मी तेच बोलून बसते.

दोन हजार आठचा उन्हाळा. मी साथरोगशास्त्र शिकवायचे, आणि निर्वासित लोक टीबीची औषधं अर्धवट का सोडतात, यावर माझं काम चाललं होतं. त्यासाठी शुगर लँड या उपनगरातल्या माझ्या घरून ह्यूस्टनच्या एका अपार्टमेंटमध्ये जायचे. तिथं भूतानमधून हाकललेली, नेपाळच्या छावणीत म्हातारी झालेली, टीबीच्या गोळ्या चालू असलेली एक आजी राहायची. मुलगा-सून दिवसभर कामावर. तिचं मोडकंतोडकं हिंदी, माझं पुणेरी हिंदी, आमचं जमलं. पहिल्या दिवशी उठताना मी म्हटलं, “आती हूँ.”

पुढच्या आठवड्यात तिच्या मुलाचा फोन. आई नर्सच्या हातून गोळ्या घेईना. म्हणते, त्या बाई येते म्हणून गेल्यात, आल्या की घेईन.

कर्म माझं! तशीच गाडी काढली. टेबलावर दोन कप पालथे घालून ठेवलेले होते.

“त्या दिवशी लगेच चहा टाकला होता,” ती म्हणाली. “गार झाला.”

मी तिला आमची रीत समजावून सांगितली. ती हसली नाही. “मला काय ठाऊक तुमची रीत? माझ्याकडे येतं कोण?” असं म्हणून तिनं गोळी घेतली.

माझ्याकडे तरी कोण येत होतं? नवरा गेल्यापासून घर खायला उठायचं. मुलगा फोनवर ‘ओके, बाय’ करून मोकळा. मग मी दर शनिवारी तिच्याकडे जायला लागले, कामाच्या नावाखाली. असल्या भेटी संशोधनात बसत नाहीत. न बसेनात.

तिचा गोळ्यांचा कोर्स पुरा झाला, आणि मुलाला दुसऱ्या राज्यात काम मिळालं. मी निरोप द्यायला गेले. गाडीत बसता बसता तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “आती हूँ.”

अर्थ मला पक्का ठाऊक होता, मीच शिकवला होता. तरी पुढच्या शनिवारी मी दोघींचा चहा टाकला आणि तो गार होईपर्यंत बसून राहिले.