साठ डाव्या बाह्या

पाण्याची टाकी मागे पडली तरी वन्सं काही बोलल्या नव्हत्या, तेव्हाच मला कळलं की आज मामला गंभीर आहे. एरवी कारखान्याच्या फाटकापासून घरापर्यंतचे तीन किलोमीटर त्यांच्या तोंडाला विश्रांती नसते. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितलं, त्या दिवसापासून त्यांनी बस सोडली आणि सोबत म्हणून मलाही सोडायला लावली.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय सत्तावन्न. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं कापणीच्या टेबलाशी उभ्या आहेत. मला तिथे त्यांनीच लावलं. आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून कापडाचे थर पसरतो, मग त्या खडूने आखतात आणि मशीनने कापतात. मी दर थराला देवाचं एक नाव घेते. मोजणीही होते आणि नामस्मरणही. "तुझा देव गुदमरेल गं खाली," असं त्या म्हणतात, पण माझं शेवटचं नाव घेऊन झाल्याशिवाय मशीनला हात लावत नाहीत.

बाह्यांसाठी एक थर सुलटा, एक उलटा असं पसरायचं, म्हणजे एकाच कापणीत डाव्या-उजव्या निघतात. सुलट बाजू ओळखायला वन्संना कधी डोळे लागले नाहीत. अंगठा फिरवला की झालं. पण मागच्या आठवड्यात आलेलं नवं कापड दोन्हीकडून सारखंच गुळगुळीत, आणि इतकी वर्षं कापडावर घासून अंगठाही तसाच झालेला. साठच्या साठ थर एकाच बाजूने पसरले गेले. निघाल्या साठ डाव्या बाह्या.

"ताई, आता दोन्ही हात डावे असलेली पोरं शोधा," शिवणाऱ्या बायका म्हणाल्या. वन्संच सगळ्यांत मोठ्याने हसल्या. मग नळाशी जाऊन कितीतरी वेळ पाणी पीत राहिल्या.

त्या दिवशी मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. आज मात्र त्यांनी बोलावून घेतलं. "ताई, तुम्ही आता बटणं तपासायला बसा. खुर्ची आहे, पंखा आहे. सोमवारी काय ते सांगा."

वाटेत शाळेच्या भिंतीपाशी एक बाक होता. वन्संनी त्यावर बसकण मारली.

"खुर्ची आणि पंखा," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातही एवढंच असतं."

"वाईट काय आहे त्यात? गुडघ्यांना बरं."

"गुडघ्यांना बरं, मला नाही. तिथे बसले तर महिनाभरात म्हातारी होईन आणि तुझ्याच घरी येऊन बसेन. बघ, विचार कर."

मला हसू येईना. आठवडाभर देवापुढे हात जोडताना जे खुपत होतं, ते शेवटी बाहेर पडलं. "वन्सं, मला दिसलं होतं."

"काय?"

"वीण. सगळ्या थरांवर एकाच बाजूला तिरपी चालली होती."

"कितव्या थराला दिसलं?"

"सातव्या."

"आणि पुढची त्रेपन्न नावं तशीच घेतलीस?"

"तुम्हीच मला कापड धरायला शिकवलंत. तुम्हाला 'चुकलं' म्हणायला जीभ रेटेना."

वाटलं, आता वाभाडे काढतील. वन्संनी पिशवीतून एक डबी काढली आणि कोरा करकरीत चष्मा नाकावर चढवला. डोळे कधी तपासून आल्या, आम्हा कुणालाच पत्ता नव्हता.

"तुझे केस बरेच पिकलेत की गं," त्या म्हणाल्या.

मग गुडघ्यावर हात रेटून उठल्या.

"बाईंना सांगणार आहे, मला टेबलच हवं. हा चष्मा लावून उभी राहीन. पण नुसत्या चष्म्यावर भागायचं नाही. थर चुकला की तिथल्या तिथे 'चुकलं' म्हणायचं. कानात कुजबुजायचं नाही, सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणायचं. वन्सं म्हणून भीड धरायची नाही. एवढं करशील माझ्यासाठी?"