देवास गेटची लसूणवाली

देवास गेटला बसस्टँडसमोर ती पोतं अंथरून बसते. लसणाचा प्रत्येक गड्डा अंगठ्याने दाबून मगच तराजूत टाकते. भावात मात्र कधी हलत नाही, म्हणून माझा तिच्यावर जुना राग.

डॉक्टरांनी बायकोचं मीठ जवळजवळ बंद केलं आणि तिचं जेवण अर्ध्या पोळीवर आलं. भाजलेल्या लसणाने अळणी भाजीला चव येते असं ऐकून मी स्वतः लसूण भाजला. तो कडू झाला. बायकोने ताट सरकवलं आणि मी तणतणत लसूणवालीकडे गेलो.

"सडा माल दिया तुमने!"

"छीलके भूना था?"

"हां, तेज आंच पे."

"फिर मुझपे काहे चिल्ला रहे, बाबूजी? पूरी गांठ छिलके समेत धीमी आंच पे रखो." मग हलकेच म्हणाली, "घर में बीमार कौन है?"

जन्मभर घासाघीस करणारा मी तिच्याच भावाने लसूण घेऊन घरी आलो.

त्या दुपारी मी गॅसपासून हललो नाही. मऊ पाकळ्या दुधीत कुस्करल्या. बायकोने एक घास घेतला आणि थांबली. मी ताटाशेजारी उभाच होतो.

"अहो, पोलिसासारखे उभे काय? पोळी वाढा."