माय यियाची वाट

नेंग च्यूचं केंग नुसतं वाजत नसे, बोलत असे. त्यांच्या बोलीत प्रत्येक शब्दाला आपला सूर होता, केंग तोच सूर काढायचं. बांबूच्या सहा नळ्या आणि स्वतःची छाती, एवढ्यावर त्यानं डोंगरातली तीनएकशे माणसं वाटेला लावली होती. मेलेल्याच्या जिवाला तो सुरांतून सांगत जायचा, या गावातून त्या गावात, मागं मागं, थेट जन्मघरात. जन्मताना आपल्यामागून आईच्या पोटातून पडलेली, तिथंच पुरलेली वार उकरायची, अंगरख्यासारखी घालायची, मग पूर्वजांकडं जायचं.

मामानं शिकवलं, तेही बडवून बडवून. "गधड्या, शब्द सुटे सुटे काय वाजवतोस? डुक्कर एकटं असतं तेव्हा त्याचा सूर निराळा. 'डुकराचं मांस' म्हटलं की तोच सूर खाली बसतो. सोयरीक झाली की शब्दसुद्धा नरमतात! सुटे वाजवलेस तर मेलेल्याला काय कळणार, कप्पाळ?"

तेव्हा माय यिया शेजारच्या शेतात मका खुडायची. तिकडून ओरडायची, "ए वाजंत्र्या, आज तुझं डुक्कर मोकाट सुटलंय बघ!" चूक नेमकी पकडायची, बया. त्याच वर्षी त्यानं तिला घरी आणलं. काय दिवस होते ते! भाताबरोबर नुसती मिरची असायची, पण दोघं हसून हसून बेजार व्हायची.

आता तीच भिंतीशी कायमची निजली होती, स्वतः कशिदा भरलेला झगा अंगावर घेऊन. गावात दुसरा वाजवणारा उरला नव्हता. सकाळी नेंग च्यूनं ढोलाभोवती पावलं टाकत सुरुवात केली. एकेक गाव चोख वाजवलं. तिच्या माहेरात पोचला आणि 'वारेचा अंगरखा' हा जोडशब्द आला. त्यानं दोन्ही शब्द सुटे वाजवले.

पुन्हा वाजवला, पुन्हा सुटे. तिसऱ्यांदाही तेच. म्हातारी मंडळी एकमेकांकडं बघायला लागली.

लेक पा झोंग जवळ आली. "बा, मुद्दाम चुकतोयस ना?"

त्यानं केंग खाली घेतलं. "बरोबर वाजवलं की ती जाईल, पोरी. चुकलो तर इथंच घोटाळेल, घरात. मला नाही गं तिच्याशिवाय करमायचं."

"आणि आई? ती तशीच उघडी फिरू दे थंडीत?"

नेंग च्यूला रडू फुटलं. मग त्यानं डोळे पुसले, छाती भरून घेतली आणि 'वार' शब्दाचा सूर हलकेच खाली बसवून दोन्ही शब्द जोडून वाजवले. उरलेली वाटही तिला न अडखळता सांगितली.

दुपारी पा झोंगनं पुढ्यात भात ठेवला. त्यानं हात लावला नाही.

"पोचली असेल ना गं?" त्यानं विचारलं.