जोडीचा व्हिसा

आमची अनिता खोटं बोलत नाय. ऐकायला किती बरं वाटतं! असलं माणूस घरात असलं म्हणजे कळतं.

मी तिची मावशी, बायजा. माझी बहीण वारली तेव्हा ही जेमतेम पावलं टाकायला लागली होती. भाऊजींनी गागोद्याची भातशेती बघायची की पोर बघायची? म्हणून मी तिला पेणला आणली. मोठी झाली तशी माझ्याबरोबर पोपटशेठच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला यायला लागली. हात गोड होता पोरीचा. पण तोंड! एकदा मुंबईचं गिऱ्हाईक मोठी मूर्ती पसंत करून उभं होतं. त्यानं सहज विचारलं, मूर्ती अखंड आहे ना? तर ही म्हणाली, "कान मोडला होता शेठ, परवाच जोडलाय." गिऱ्हाईक गेलं आणि पोपटशेठनं दिवसभर माझा उद्धार केला. मी हिला म्हटलं, "गो, जीभ जरा आवरली असती तर काय बिघडलं असतं?" तर म्हणते, "त्यांनी विचारलं ना मावशी." न विचारता आठ दिवस गप्प बसेल, पण विचारलं की संपलं.

धनेश खाडीकाठच्या गावातला. त्याची सगळी माणसं मिठागरावर राबलेली. बाप लवकर गेला, आई काशीबाईनं मीठ ओढून दोन पोरं वाढवली. एक थोरली पुतळी आणि हा. हा ड्रायव्हर झाला. गणपतीच्या दिवसांत मूर्ती पोचवायला टेम्पो घेऊन कारखान्यात यायचा, तिथंच दोघांचं जमलं. आडवं यायला कुणाला काही कारण नव्हतं. साखरपुडा केला आणि लग्नापुरतं कमावून येतो म्हणून धनेश कुवेतला गेला. आणि तिथं लढाई लागली.

त्या दिवसांचं काय सांगू तुम्हाला! पोराचा ठावठिकाणा नाय. पत्र नाय, फोन नाय, जिवंत हाय का तेही कुणी सांगेना. अनिता ब्रश हातात धरून बसायची आणि रंग ब्रशावरच वाळून जायचा. घास तोंडात घालायची तो तसाच. बरं, मोकळेपणी रडायची सोय नाय. लग्नाची बायको असती तर चार बाया जवळ येऊन बसल्या असत्या. साखरपुड्याच्या पोरीला कोण पुसतो? उलट "अजून वेळ गेली नाय, दुसरीकडं बघा" असं सांगणाऱ्याच जास्त भेटल्या. तिकडं काशीबाई मिठागराच्या बांधावर बसून एकटीच ऊर बडवत होती म्हणे. त्या दिवसांत या दोघी एकमेकींना एकदाही भेटल्या नायत.

मग एक दिवस धनेश आला. वाळवंट तुडवत, जॉर्डनहून सरकारच्या विमानात बसून, हातात एक पिशवी. अनिता त्याला बघून रडली नाय की हसली नाय. म्हणाली, "आता एकट्यानं जायाचं नाय. जाऊ तर दोघं." तो म्हणाला, "व्हय." एवढ्या एका शब्दावर पुढचं सगळं महाभारत झालं.

लग्न लगेच उरकायला हवं होतं, पण देवाच्या मनात असेल तेव्हा ना! उन्हाळ्यात मुहूर्त धरला तर धनेशला कावीळ झाली. अंथरुणातून उठला तोवर पाऊस लागला. आणि श्रावणात लागला सिंहस्थ. बारा वर्षांनी येतो आणि वर्षभर कुणाच्या दारात मांडव पडू देत नाय. आता पुढच्या गणपतीपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाय, असं काशीबाईनं सांगून टाकलं.

धनेशनं तोवर रोह्यात टेम्पो धरला होता, तिथंच जवळ वरसेला खोली घेतली होती. त्या खोलीत त्यानं दोन माणसांची भांडी आणून ठेवली होती. दिवाळीच्या सुमाराला रोह्याचा महिपती निरोप घेऊन आला. हा महिपती माणसं परदेशी पाठवायचं काम करायचा, पण सरळ माणूस. धनेशचा कुवेतचा शेठ आता बहारीनला राहायला गेला होता. त्याला ड्रायव्हर पाहिजे होता, आणि त्याच्या म्हाताऱ्या आईजवळ राहायला बाई. पण नवरा-बायकोच पाहिजेत. एकटा पुरुष नको, एकटी बाई नको. जोडीचा व्हिसा!

अनिताचा चेहरा त्या दिवशी मी बघितला. देव पावल्यासारखी दिसत होती. धनेश भेटायला आला की बहारीनला पाऊस पडतो का, तिथं मासळी मिळते का, असलं काहीतरी त्याला विचारत बसायची. मी म्हटलं, "उतावीळ नवरी! आधी लग्न तर होऊ दे."

तेच तर होत नव्हतं. मी आणि धनेश काशीबाईच्या पाया पडलो. भटजींकडे गेलो. भटजी हुशार, म्हणाले, "पंचांगात वाट सापडेल हो, पण काशीबाईंच्या मनात नाही सापडायची." खरंच होतं ते. मला तिचा राग यायचा, पण कशाला खोटं बोलू, तिचंही बरोबर होतं. मागच्या सिंहस्थात तिनं घाई करून पुतळीचं लग्न लावलं होतं. वर्ष नाय भरलं, जावई खाडीत बुडाला. पुतळी पांढऱ्या कपाळानं परत आली ती अजून घरात होती. काशीबाई मला म्हणाली, "बायजे, एकदा माझ्या हातानं झालं. आता पोराच्या बाबतीत नाय व्हायचं. मला कापलंस तरी नाय."

शेवटी महिपतीनं तोड काढली. अलिबागला रजिस्टर लग्न करा, कागद मिळेल, हळद-अक्षता सिंहस्थ सुटल्यावर. कागदाला कसला सिंहस्थ? काशीबाईनं विचार करून मान हलवली, पण अनिताकडून शब्द घेतला. हळद लागेपर्यंत गळ्यात काळा मणी घालायचा नाय, बायको म्हणवून घ्यायचं नाय, सासरचा उंबरा ओलांडायचा नाय. अनितानं शब्द दिला. मी म्हटलं, जाऊ दे, कागद तर होतोय.

अलिबागला नोटीस लागली, महिना गेला, आम्ही सह्या करून आलो. साक्षीदार मी, महिपती आणि धनेशचा दोस्त रघू. साहेबांनी "अभिनंदन" म्हटलं तर अनिता इकडंतिकडं बघायला लागली, दुसऱ्याच कुणाला म्हणतायत असं वाटून. परत येताना एसटीत ती माझ्याजवळ बसली, धनेश मागे रघूजवळ. पेणला उतरल्यावर तो वरसेला गेला, ही माझ्याबरोबर घरी आली. असं ते लग्न.

पुढचं सगळं महिपतीनं केलं. पासपोर्ट झाला, व्हिसा आला. आता मुंबईच्या सरकारी ऑफिसात दोघांनी उभं राहून परदेशी जायची परवानगी घ्यायची राहिली होती. महिपतीनं अनिताकडून धडा पाठ करून घेतला. लग्न कुठं झालं, कोण कोण होतं, सगळं. मुंबईला जायच्या दिवशी पहाटे मी माझी काळ्या मण्यांची जुनी पोत काढली. म्हटलं, "एवढा दिवस घाल. संध्याकाळी काढून दे. काशीबाईला मी सांगणार नाय." अनितानं ती हातातसुद्धा घेतली नाय. "शब्द दिलाय मावशी." मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "अगो, शब्दाला काय मीठ लावून चाटायचंय?" नाय म्हणजे नाय!

ऑफिसात बाई होती. कडक असती तर बरं झालं असतं बघा. पण ती चांगली होती, तिथंच घात झाला. खोटी लग्नं दाखवून पोरींना बाहेर नेतात आणि विकतात, म्हणून ती प्रत्येक पोरीला नवऱ्यापासून वेगळी घेऊन विचारायची. अनिताचा मोकळा गळा बघून तिनं धनेशला बाहेर पाठवलं. साक्षीदार म्हणून मीही गेले होते, कोपऱ्यात बाकावर बसले होते. तिनं अनिताच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "घाबरू नकोस बाळ. मला खरं सांग, लग्न झालंय का तुझं?"

आई नसलेली पोर ती. पाठीवर हात ठेवून असं कुणी विचारलं असेल तिला? पाठ केलेलं सगळं विसरली आणि म्हणाली, "नाय बाई. अजून हळद लागली नाय. सिंहस्थ सुटला की होईल."

मी उठून ओरडले, "बाई, झालंय, कागद बघा, मी साक्षीदार हाय!" बाईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच पोर विकायला निघालेय. महिपती बाहेरून आला, हातापाया पडला, सिंहस्थ काय असतो ते सांगितलं. ती म्हणाली, "असेलही. पण मुलगीच नाही म्हणतेय, मी सही कशी करू?" चौकशीसाठी कागद ठेवून घेतले. आता तिला तरी काय दोष द्यायचा?

आम्ही परतीची एसटी धरली. वाटेत धनेश एवढंच म्हणाला, "एक व्हय म्हणायचं होतंस गो." रागानं नाय बोलला. रागावला असता तर मी मध्ये पडले असते. अनिता खिडकीबाहेर बघत राहिली आणि पेण येईपर्यंत पदर तोंडात कोंबून रडली.

चौकशी लांबत गेली. शेठची आई तिकडं आजारी, तो किती थांबणार? त्यानं दुसरी जोडी घेतली. इकडं टेम्पोच्या मालकानं टेम्पो विकला, धनेश बसून राहिला, वरसेची खोली सुटली. कंपन्यांच्या गेटवर जाऊन उभा राहायचा आणि तसाच परत यायचा. अनिताशी बोलायचा, हसायचा, पण बोलता बोलता मध्येच थांबायचा. मग वैशाखात शेठचा निरोप आला. भावाच्या दुकानाला ड्रायव्हर पाहिजे. एकटा. लगेच ये.

धनेश नाय म्हणाला. म्हणाला, मी शब्द दिलाय. तेव्हा अनिता म्हणाली, "तुझा शब्द मी सोडवला. जा. माझ्या तोंडानं गेलं ते, तू कशाला कुजतोस?" घरी आल्यावर मला म्हणाली, "मावशी, मला पुन्हा तशी वाट बघायला नाय गो जमायचं. मी मरेन." मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

संध्याकाळचं विमान होतं. सकाळी पेणच्या स्टँडवर त्याला निरोप दिला. काशीबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आणि अनिता चार पावलं लांब उभी राहिली, कुणाची कोण असल्यासारखी. गाडी गेली. काशीबाई आणि पुतळी गावच्या गाडीत बसल्या. आम्ही घरी आलो तर अनितानं कपाटाखालची ट्रंक ओढली, आपले कपडे भरले आणि म्हणाली, "मला खाडीवर सोड, त्याच्या घरी."

"अगो, वेड लागलं काय?" मी बोंबलले. पण तिचं तोंड बघून ट्रंकेची दुसरी कडी धरली.

काशीबाई दारात आडवी उभी राहिली. "तू इकडं कशी गो?"

"राहायला आले."

"हळदीच्या आधी?"

"मागच्या वेळी मी तिथं एकटी मेले, तुम्ही इथं एकट्या मेलात," अनिता म्हणाली. "आता पुन्हा तेवढा जीव माझ्यात नाय. मला घरात घ्या."

काशीबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण दारातून हलली नाय. म्हणाली, "तुझा राग नाय गो पोरी. सिंहस्थात तुला उंबरा ओलांडू दिला आणि तिकडं त्याला काय झालं तर? मला भ्या वाटतं." मागे पुतळी खांबाला धरून उभी होती. माझ्या तोंडाशी अशा शिव्या आल्या होत्या की सगळं गाव गोळा झालं असतं. पण अनिताच म्हणाली, "मग नाय ओलांडत." तिनं ट्रंक ओटीवर भिंतीशी लावली आणि तिला टेकून बसली.

काशीबाई आत गेली. मला वाटलं, आता ही दार लावून घेणार. आतून भांड्यांचा आवाज आला. मग ती बाहेर आली ती काखेत चटई, हातात आपलं अंथरूण घेऊन. पाठोपाठ पुतळी स्टोव्ह आणि सुपात तांदूळ घेऊन आली. काशीबाईनं अनिताच्या शेजारी चटई टाकली. म्हणाली, "तुला आत घेता यायची नाय. पण मला भायेर यायला कुणाची बंदी हाय?"

माझी गाडी चुकणार होती, पण मी सूप ओढून घेतलं आणि तांदूळ निवडायला लागले. ऊन खाडीवर कललं. अनितानं आभाळाकडं बघून विचारलं, "आई, त्याचं विमान सुटलं असेल काय?"

"मला काय ठाव गो," काशीबाई म्हणाली, आणि तिच्याजवळ सरकून बसली.