तक्रारदारांची फर्माईश

जनरेटरच्या डिझेलचा धूर नाकात गेला की मला आजही इस्लामपुरातली ती संध्याकाळ आठवते आणि डोकं तापतं. समोरच्या घरातला थोरला फौजेतून निवृत्त होऊन आला होता, आणि आमच्याकडे फौजी परतला की मिरवणूक निघतेच. उघड्या जीपमध्ये तो हारांत बुडालेला, पुढं जनरेटरवर चालणारा ट्रकभर डीजे. आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या आणि आत, हृदयाचं ऑपरेशन होऊन नुकतेच घरी आलेले माझे सासरे छातीशी उशी धरून बसले होते. मी पोलिसांना फोन केला. हवालदार आले, कपाळाला गुलाल लावून घेतला आणि मलाच म्हणाले, "आवं ताई, दहापर्यंत वाजवायला परवानगी हाय." मी म्हणाले, "आवाजाला दिवसाही मर्यादा असते की!" "ते मोजायचं यंत्र साहेबांकडं असतंय," असं म्हणून ते जीपकडे गेले, तक्रार कुणाची ते तिथं सांगितलं आणि निघून गेले. पुढं गेलेला ट्रक मागं आला, बरोबर आमच्या दारासमोर थांबला, आणि फौजी स्वतः माइकवरून ओरडला, "पुढचं गाणं खास तक्रारदारांच्या फर्माईशीवर!" सगळी गल्ली हसली. सासऱ्यांनी छातीवरची उशी कानांवर घेतली. मधे बरीच वर्षं गेली, आणि परवा सासरे गेले. तो फौजी भेटायला आला, सतरंजीवर बसला आणि कुजबुजल्यासारखं म्हणाला, "लय वाईट झालं, वहिनी." मी म्हणाले, "मोठ्यानं बोला की, भाऊजी. आता इथं कुणाला त्रास व्हायचा न्हाई."